बाटलीवरची दुसरी रेघ

अण्णा, परवा मी तुमच्या नातीचा हात मोडला. डावा हात, मनगटाच्या वर चार बोटं. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाच्या एक्सलने.

हे सांगायला मला दुसरं कोणी नाही म्हणून लिहितेय, तुमची आठवण आली म्हणून नाही. आठवण यायला माणूस आधी जावा लागतो. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण सकाळी शटर वर ओढलं की मी अजून आधी आत बघते, तुम्ही कुठल्या कोपऱ्यात आहात ते, आणि मग पाय टाकते. तुम्ही गेलात तेव्हा ती सात महिन्यांची होती, तुमच्या खाटेशेजारी झोळीत असायची. आता वीस वर्षांची आहे. आयटीआय केलंय. माझ्यापेक्षा चांगली मेकॅनिक आहे आणि हे मी तिला आजवर एकदाही म्हटलेलं नाही. गॅरेज तिथंच आहे, करंजी घाटाच्या अलीकडे. रस्ता रुंद झाला त्यात आपला पुढचा कट्टा गेला. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र नगर नगर असंच ओरडतो. तुमचे जावई ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. आई आहे. तिच्याकडे येते नंतर.

तुमच्यासारखा शॉकअपचा माणूस ह्या रस्त्यावर दुसरा झाला नाही, हे मी आजही कोणालाही सांगेन. घाट उतरून आलेले लोक म्हणायचे, अण्णा, ब्रेक दाबला की गाडीचं तोंड खाली बसतंय, वळणावर गाडी बाहेर पळतीय. दुसरे मेकॅनिक चार नट आवळून त्यांना वाटेला लावायचे. तुम्ही आधी एक शब्द बोलायचा नाहीत. पुढचा ब्रेक धरायचा, हँडलवर अंगाचा सगळा भार टाकायचा आणि सोडायचा. डोळे मिटलेले. गाडी एकदा खाली गेली पाहिजे, एकदा वर आली पाहिजे आणि तिथंच थांबली पाहिजे. वर येऊन परत डुलली की तुम्ही म्हणायचा, तेल मेलंय. मग वरचे नट खोलून, स्प्रिंगा काढून, पुढच्या चाकाच्या दोन बाजूंचे ते नळ्यांसारखे शॉकअप उलटे धरायचे. आतून काळं, नासक्या वासाचं तेल गळायचं. दूधवाले हमखास म्हणायचे, आमच्या गाडीला कॅनचं वजन असतं, जरा जाड तेल घाला, इंजिन ऑइल घाला. त्यांना तुम्ही म्हणायचा, "तेल वजन उचलत न्हाई. वजन स्प्रिंग उचलती. तेल फकस्त तिला आवरतं. दाबलेली स्प्रिंग एकदम उसळली तर मानूस मरंल." हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल, आणि हजार वेळा मनात म्हटलं असेल, बोलतंय कोण बघा.

लोक समजायचे तुम्ही तापट आहात, रागात भान राहत नाही तुम्हाला. मलाही तेच समजून घ्यायला आवडलं असतं. पण मी दहावीला होते तो दिवस मला आठवतो. आई चुलीपुढे बसलीय, मी परातीजवळ इतिहासाचं पुस्तक घेऊन. तुम्ही गॅरेजवरून येता, हात धुता, पाटावर बसता. भाकरी एका अंगाने करपलीय. तुम्ही ती उलटी करून बघता, ताटात ठेवता, उठता. खुंटीवरचं फडकं घेता आणि आपल्या हाताला नीट गुंडाळता, दोन वेढे. मग चुलीवरचा तवा उचलता आणि आईच्या दंडाला लावता. दोन मोजून होतील एवढाच वेळ. तवा परत चुलीवर, फडकं परत खुंटीवर. आई ओरडली नाही, शेजारच्या खोलीत तिच्या जाऊबाई होत्या म्हणून. तुम्ही खाली बसलात आणि तीच भाकरी खाल्लीत, आणि मला म्हणालात, मीठ दे. अण्णा, भान नसलेला माणूस आधी फडकं गुंडाळत नाही. मी मीठ दिलं.

बारावीनंतर मी गॅरेजमध्ये आले. तुम्हाला मुलगा नव्हता आणि माणूस टिकत नव्हता; दोन दिवसांत तुमचा पाना पाठीत बसला की तो तिसऱ्या दिवशी यायचा नाही. मी घरचीच, मी कुठं जाणार. पण खोटं बोलणार नाही, मला ते काम आवडलं. तुम्ही शिकवायचाही चांगलं. तुमचं माप म्हणजे खोकल्याच्या औषधाची तपकिरी काचेची बाटली, तिच्यावर कानशीने ओढलेली एक रेघ. रेघेपर्यंत तेल म्हणजे एका शॉकअपचं माप. दोन्हीकडे सारखं पाहिजे, थेंब इकडचा तिकडे नाही, कारण एका पायात जास्त आणि एका पायात कमी झालं की गाडी वळणात लंगडते. कंपनीचं पुस्तक तुम्ही कधी उघडलं नाहीत. बाटली आणि डोळे मिटून हँडल दाबणं, एवढ्यावर तुम्ही आयुष्य काढलंत.

मी वीस वर्षांची असताना तो दूधवाला आला. उंच, मिशीवाला, मला ताई म्हणायचा. आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही त्याच्या गाडीचे शॉकअप सुटे केले, सील बदलले, पाइप पेट्रोलने धुतले, वाळवले आणि कोरडेच परत बसवून ठेवले. मी तेव्हा घरी आईबरोबर शेंगा फोडत होते. सकाळी तुम्ही पाथर्डीला पार्ट आणायला निघालात आणि जाता जाता म्हणालात, "तेल भरून चाक बसव. त्यो दुपारी येईल." एवढंच. धुतलेत हे तुम्ही सांगितलं नाही. नुसतं तेल काढलेल्या शॉकअपमध्ये जुनं तेल आत चिकटून राहतं, त्यामुळे नवं थोडं कमी लागतं. धुऊन वाळवलेल्याला जास्त लागतं. आज हे मी झोपेतही सांगेन. तेव्हा मला एक बाटली आणि एक रेघ माहीत होती. मी रेघेपर्यंत भरलं, दोन्हीकडे अगदी सारखं, आणि स्वतःवर खूश झाले. दूधवाला कॅन अडकवून गेला.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोतून गाडी घेऊन आला. घाटातल्या वळणावर ब्रेक दाबला तर पुढचं तोंड खाडकन खालपर्यंत बसलं आणि हँडल हातातून गेलं, म्हणाला. गुडघा सोललेला, मडगार्ड चेपलेलं, पँटला वाळलेल्या दुधाचा वास. खरं सांगायचं तर तेवढ्या कमी तेलाने गाडी पडतेच असं नाही. त्याचा वेग होता, कॅन होते, वळणावर खडी होती. पण तुम्ही चाक काढलंत, वरचा नट खोललात, चाकाची एक तार आत बुडवून वर काढलीत आणि तेल कुठवर लागलंय ते बघितलंत. तारेवर बोट ठेवून तुम्ही माझ्याकडे वळलात. "किती भरलं?" मी म्हटलं, "रेघेपर्यंत." मला वाटलं तुम्ही म्हणाल, बरोबर. मी रेघेपर्यंतच भरलं होतं की.

एक्सल तुमच्या उजव्या हातात होता, नुकताच काढलेला, ग्रीसने माखलेला. बोटाएवढा जाड, वीतभराहून लांब लोखंडी दांडा. तुम्ही तो फडक्याने पुसलात. हो, पुसलात. आणि मग मारलात. मला आवाज आठवतो, शेवग्याची वाळकी शेंग मोडावी तसा. दूधवाल्याने तुमचं मनगट धरलं आणि म्हणाला, "अण्णा, लेकराला मारता व्हय? मी पडलो, ती न्हाई." त्याच्या हातात हात असतानाही तुम्ही मला पायाने मारलंत, मांडीवर, दोनदा. मी जमिनीवर बसले होते आणि समोर गाडी पुढचं चाक नसलेली, ठोकळ्यावर उभी. मला काय वाटत होतं सांगू? मला लाज वाटत होती. दुखत नव्हतं तोवर. रेघ नीट बघितली नाही की काय, एवढंच डोक्यात चाललं होतं.

नगरला हाडाच्या डॉक्टरांकडे तुम्हीच घेऊन गेलात, तुमच्या गाडीवर मागे बसवून. मी उजव्या हाताने तुमचा शर्ट धरला होता, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. मी म्हटलं, पायरीवरून पडले. कोणी शिकवलं नव्हतं मला. तुम्ही भिंतीकडेच्या बाकावर बसला होता. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही मान हलवलीत. हळूच, एकदाच. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजलात.

चौथ्या दिवशी तुम्ही मला घड्याळ आणलंत, बायकांचं, सोनेरी पट्ट्याचं. प्लास्टर घातलेल्या हाताला घड्याळ. मी ते उशाशी ठेवून दीड महिना त्याची टिकटिक ऐकली. प्लास्टर निघाल्यावर गॅरेजमध्ये गेले तर बाटलीवर दोन रेघा. जुनीच्या वर, करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर एक नवी, पांढरी, ताजी. मी बाटली हातात घेऊन उभी राहिले. तुम्ही एका गाडीची चेन लावत होता, वर न बघता म्हणालात, "वरची रेघ धुतलेल्याला." त्यावर काही नाही. पुढे जगलात ती चार-पाच वर्षं कधीच काही नाही.

आणि मी ते घेतलं, अण्णा. घरी येऊन आईला सांगितलं, तर आई म्हणाली, बघ, त्यांना कळलं त्यांचं चुकलं ते. पुरुषमाणूस तोंडानं म्हणत नसतो. मी ते धरून बसले. तुमची माफी म्हणून ती रेघ मी चोवीस वर्षं सांभाळली. माझ्या मुलीला ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल. तुझे आजोबा बोलायचे नाहीत गं, पण बघ, बाटलीवर रेघ मारली त्यांनी माझ्यासाठी. सांगताना माझा आवाज भरून यायचा, इतकी मी मूर्ख.

लकव्याने तुमचा उजवा हात आणि पाय गेला तेव्हा मी बाळंतपणाला आलेली होते, ती परत सासरी गेलेच नाही. आठ महिने तुम्हाला भरवलं. तुमचा तो हात पांघरुणावर पडलेला असायचा, मी तो उचलून पुसायची, नखं कापायची. मला बरं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. एकदा तुम्ही डाव्या हाताने वाटी भिरकावलीत, ती झोळीला लागली, पोरगी रडायला लागली, आणि मी तुमचा तो डावा हात धरून खाटेच्या दांडीवर आपटला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. घाबरून नाही. ओळखीचं कोणी भेटल्यासारखं बघितलंत. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आता परवाचं. आरोग्य केंद्रातली नर्सताई रोज घाट चढून तिसगावच्या बाजूला जाते. तिची गाडी आली होती, तीच तक्रार, ब्रेकला तोंड खाली बसतंय, वळणावर बाहेर जातीय. पोरीने काम घेतलं. मी आदल्या दिवशी पाथर्डीला लग्नाला गेले होते, तेवढ्यात तिने शॉकअप सुटे करून, सील बदलून, धुऊन, वाळवून बसवले होते. मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. सकाळी मी चहा घेऊन आले, चाक काढून ठेवलेलं होतं, कप एका हातात ठेवूनच एक्सल पुसायला उचलला. ती स्टुलावर उभी राहून प्लास्टिकच्या मापाच्या नळीने तेल भरत होती, मोबाईलवर कंपनीचं पुस्तक उघडलेलं. मी नळीकडे बघितलं आणि तेल मला जास्त वाटलं. पुष्कळ जास्त. जास्त झालं की सील फुटतात आणि सगळं तेल पुढच्या ब्रेकवर उतरतं, ते घाटात झालं तर बाईच्या हातात ब्रेकच राहत नाही. मी म्हटलं, "थांब, बाटलीने माप." ती म्हणाली, "मम्मी, बाटली चुकते." मी म्हटलं, "कोणाची बाटली चुकते?" ती हसली. हसत म्हणाली, "आजोबांची. त्यांच्या वेळचे पाइप बारीक होते. ह्या गाडीचे जाड आहेत. दोन्ही रेघा चुकतात. तू ती बाटली आता देवघरात ठेव." आणि उरलेलं तेल ओतायला लागली.

माझ्या डोक्यात सणक गेली असं मी सगळ्यांना सांगणार होते. तुमच्याशी कशाला खोटं बोलू. सणक नव्हती. सगळं स्वच्छ दिसत होतं. नळीतल्या तेलावर आलेला बुडबुडा दिसत होता. मी चहाचा कप खाली ठेवला, सांडू नये म्हणून नीट बघून ठेवला, आणि मग मारलं. ती स्टुलावरून खाली आली, नळी उडाली, तेल तिच्या केसांवर, माझ्या तोंडावर. मी परत हात उचलला होता. ती जमिनीवरून म्हणाली, "धुतलेले होते मम्मी." ओरडली नाही. मी विसरलेल्या किल्लीची आठवण करून द्यावी, तसं म्हणाली. "मी धुतले होते काल."

डॉक्टर आता तरुण आहेत, तुमच्या वेळचे राहिले नाहीत. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, पडल्यावर हे हाड असं मोडत नाही. हात वर धरला आणि त्याच्यावर काही आदळलं तर मोडतं. आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "गाडी ठोकळ्यावरून अंगावर आली सर, मी हात वर केला." किती पटकन म्हणाली. कोणी शिकवलं नव्हतं तिलाही. डॉक्टर अजून माझ्याकडेच बघत होते. मी भिंतीकडेच्या बाकावर बसले होते, अण्णा, आणि मी मान हलवली.

घरी आल्यावर आईने प्लास्टर बघितलं. मग आपली बाही वर केली, तो दंडावरचा डाग उघडा केला, आणि म्हणाली, "आता ह्या घरात धड किती हात राह्यलेत?" मी म्हटलं, आई, माझं डोकं जाग्यावर नव्हतं. ती म्हणाली, "व्हतं. तुझं बी व्हतं आन त्यांचं बी व्हतं." पोरगी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, ती बोलत नाही माझ्याशी. तर आई म्हणाली, "बोलंल. दोन दिसांनी बोलंल. तू बी बोलली हुतीस. त्येच तर वाईट हाय." मग थोड्या वेळाने शेंगदाणे निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, तिने जे सांगितलं ते मला चोवीस वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. म्हणाली, "मी तुला खोटं सांगितलं हुतं. ती दुसरी रेघ त्यांनी तुझ्यासाठी न्हाई वढली. पुढली गाडी पडू नाय म्हनून वढली. तुला समजूत पायजे हुती, मी दिली. चुकलं माझं." सत्तरीच्या बाईने किती सहज म्हटलं बघा. तुम्हाला आठ महिने खाटेवर मिळाले होते.

काल मी नर्सताईची गाडी पुरी केली. पोरीचं माप बरोबर होतं. सांडलेलं तेवढं तिच्याच नळीने परत मोजून भरलं, मोबाईलवर बघून, दोन्हीकडे. चाक बसवलं. पुढचा ब्रेक धरला, डोळे मिटले, भार टाकला आणि सोडला. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली. तुम्ही आयुष्यात इतकी चांगली केली नसेल. आज नर्सताई घाटातून परत आली ती मुद्दाम थांबली. म्हणाली, "वळणावर हँडल हाताला लागलंच नाही, जिकडं बघितलं तिकडं गाडी गेली. पोरगी कुठंय? तिला सांगायचं होतं." मी म्हटलं, बरं नाही तिला. नर्सताईने माझ्याकडे बघितलं, मग स्टुलाखालच्या तेलाच्या डागाकडे बघितलं, आणि म्हणाली, येते मी उद्या तिला भेटायला. मला ते ऐकून भीती वाटली आणि बरंही वाटलं.

ती गेल्यावर मी बाटली खाली काढली. तुमची तीनधारी कानस अजून आहे, तीही काढली. तिसरी रेघ ओढायची, जाड पाइपवाल्या गाड्यांची. पोरगी हात बरा झाल्यावर गॅरेजमध्ये येईल, बाटली बघेल, आणि तिला कळेल मम्मीला काय म्हणायचंय ते, असं सगळं माझ्या मनात छान जुळून आलं होतं. कानस काचेवर टेकवलीही. करकर असा आवाज आला, अंगावर काटा आणणारा, आणि तेव्हा मला दिसलं, ही इथंच बसेल. माझ्या जागी. चाळिशीत येईल आणि आपल्या मुलीला सांगेल, तुझी आजी बोलायची नाही गं, पण बघ, बाटलीवर रेघ मारली तिने माझ्यासाठी. आणि सांगताना तिचा आवाज भरून येईल. ती मला सोडून जाईल ह्याची भीती नाही मला अण्णा. ती समजून घेईल ह्याची आहे. मी कानस ठेवून दिली. बाटलीवर एक बारीक ओरखडा पडलाय तेवढा.

हे सगळं मी जुन्या जॉब कार्डांच्या पाठीवर लिहिलंय, तिथं तेलाचे डाग आहेत, अक्षर फुटलंय. हे कुठं टाकायचं नाही, तुमच्या फोटोमागेही ठेवायचं नाही. आईने आतून दोनदा विचारलं, काय लिहितीस. मी म्हटलं, हिशोब नाही, दुसरं आहे.

एक राहिलं. वर मी लिहिलंय की मी तिचा हात मोडला. डॉक्टरांनाही हातच दिसला, आईलाही. पण मी हातावर मारलं नव्हतं. मी डोक्यावर मारलं होतं, कानाच्या वर, नेम धरून. हात तिने मध्ये घातला. आता आत जाते आणि तिला हे सांगते, माझं चुकलं हे आधी आणि मी कुठं मारत होते हे नंतर, दोन्ही तोंडाने. ती म्हणेल, माहितीय. तिला माहीत असणारच. चोवीस वर्षं मी लोकांना सांगत आले की आमच्या अण्णांनी एकदा हातावर मारलं होतं. मलाही माहीत होतं अण्णा. हात मीच मध्ये घातला होता.